वहिनींच्या गुडघ्याची किंमत किती?

चैत्री पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस विवळवेढ्याकडे माणसांची रीघ लागते. कुणी एस.टी.ने येतं, कुणी रिक्षाने, कुणी टेम्पोत दाटीवाटीने उभं राहून, आणि बऱ्याचजणी नवऱ्याच्या किंवा दिराच्या मागे दुचाकीवर बसून, मांडीवर ओटीचं सामान घेऊन. शेजारूनच मुंबई-अहमदाबाद महामार्ग धावतो. पूर्वी याला आठ नंबरचा म्हणत, आता तो राष्ट्रीय महामार्ग ४८ झाला. तलासरीपासून चारोटी, कासा, मनोरपर्यंत हा रस्ता आपल्या दोन तालुक्यांच्या अंगणातून जातो म्हटलं तरी चालेल. शाळेला, बाजाराला, माहेरी जायचं तर तो ओलांडावाच लागतो.

मैत्रिणींनो, या रस्त्यावर वाहन कसं चालवावं हे सांगायला मी बसलेले नाही. त्याचे फलक जागोजागी आहेत. मला सांगायचं आहे ते अपघात झाल्यानंतरचं. माणूस वाचलं, हाड मोडलं, दवाखाना सुरू झाला, की पुढे काय? नुकसानभरपाई मिळते हे बहुतेकींनी ऐकलेलं असतं. पण ती मिळणार की नाही हे पुष्कळदा पहिल्या आठ-दहा दिवसांतच ठरून जातं, आणि त्या दिवसांत घरातल्या कुणालाच त्याची शुद्ध नसते.

उदाहरणासाठी एक बाई डोळ्यांपुढे आणू. तिला नुसतं वहिनी म्हणू. डहाणू रोडला राहतात, वय ३८, दोन मुलं, नवरा नोकरीला. घरचं सगळं करून दुपारी पायमशीनवर ब्लाउज शिवतात. यात्रेहून परतताना चारोटीजवळ मागून आलेल्या टेम्पोने त्यांच्या दुचाकीला धडक दिली. नवऱ्याला खरचटलं, वहिनींचा उजवा गुडघा मोडला. टेम्पोचा नंबर गुजरातचा. लोकांनी त्यांना आधी कासा येथे नेलं, तिथून भावाने वापीला हलवलं.

आता पहिली चूक कुठे होते पाहा. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, कसं लागलं? पोलीस केस नको, डॉक्टर लगेच हात लावणार नाहीत, या भीतीने बरोबरचं माणूस सांगून टाकतं, "घरात पाय घसरून पडल्या." डॉक्टर ते लिहून घेतात. एवढ्या एका ओळीवर पुढे विमा कंपनीचा वकील सगळा दावा उलटा टांगतो. पहिल्या केसपेपरवरची नोंद सर्वांत खरी मानली जाते, कारण तेव्हा कुणाला पैशाची आठवण झालेली नसते. म्हणून तिथे खरं तेच सांगा : वाहनाच्या धडकेने लागलं, अमुक ठिकाणी, अमुक वाजता, आणि नंबर माहीत असेल तर नंबर. दवाखाना मग ही पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंदवतो. ती नोंद तुमच्या बाजूची आहे, तिला घाबरायचं कारण नाही.

उपचार अडतील ही भीतीही पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. ५ मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची बिनापैशांच्या उपचारांची योजना लागू झाली आहे. योजनेत नाव असलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. जखमीला आणणाऱ्या वाटसरूलाही कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्यावर नाव-गाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मात्र तो आपणहून द्यायला तयार असेल तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही, तेव्हा आभार मानताना त्याचा फोन नंबर लिहून घ्यावा.

दुसरी चूक पुरुषमंडळींची. टेम्पोवाला हात जोडतो, पाच-दहा हजार काढून देतो, "भाऊ, मिटवून टाकू." नवऱ्यालाही रजा नसते, कोर्टकचेरी नको असते. तिथल्या तिथे कागदावर सही होते. महिन्याने कळतं की गुडघ्यात पट्टी घालावी लागणार. तोवर टेम्पो कुठल्या कुठे गेलेला. फिर्यादच नसेल तर त्या टेम्पोनेच ठोकलं हे सिद्ध करणं फार अवघड जातं. भरपाईच्या दाव्यात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय दिसते एवढं पाहिलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं आहे. पण संभवनीय दिसायला तरी काहीतरी हाताशी हवं ना!

पुरावा म्हणजे काय, याचं एक ठळक उदाहरण याच रस्त्यावर घडलं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मागच्या बाकावरचे दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दगावले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असं तपासात पुढे आलं. तपासणारे नुसते खुणा मोजत बसले नाहीत. मोटारीतल्या यंत्रात साठलेली माहिती काढली गेली, आणि शेवटच्या काही सेकंदांत वेग किती होता, ब्रेक कधी दाबला, हे कंपनीने पोलिसांना कळवलं. पूल जवळ येताच रस्ता अरुंद होतो, त्याचीही चर्चा झाली. चालकाची चूक किती, रस्त्याची किती, पट्टा न लावण्याने मृत्यू ओढवला का, हे सगळे प्रश्न निघाले. प्रत्येक दाव्यात तेच प्रश्न निघतात.

फरक एवढाच, की आपली दुचाकी अशी काही आठवण ठेवत नाही. ती आठवण घरच्यांनी गोळा करायची. कुणीतरी शांत डोक्याचा नातेवाईक त्याच दिवशी जागेवर पाठवावा. त्याने मोबाइलवर फोटो काढावेत : दोन्ही वाहनं, नंबरपाट्या, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, फुटलेली काच. जवळच्या पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, चारोटीच्या टोलनाक्यावर कॅमेरे असतात. त्यांतलं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज पोलिसांना आणि कॅमेऱ्याच्या मालकाला लगेच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. फाटलेली साडी, फुटलेलं हेल्मेट धुऊन-पुसून टाकू नका. आपल्याला स्वच्छतेची भारी हौस, पण इथे ती आवरायची.

फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. पंचनामा होताना आपलं माणूस हजर असेल तर बरं. टेम्पो रस्त्याच्या कुठल्या बाजूला होता, दुचाकी कुठे पडली, हे त्यात बरोबर उतरलं पाहिजे. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल. जखमीला तिचे हक्क सांगणारा छापील नमुना देणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. तो मिळाला नसेल तर नम्रपणे, पण ठामपणे मागा.

आणि मुदत! १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताचा दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. ही मुदत अन्यायाची आहे अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेलेली असून, उशीर झाला एवढ्याच कारणाने दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने दिला. पण अशा आदेशाच्या भरवशावर कुणी राहू नये. गुडघा बरा होऊ दे, मग बघू, असं म्हणता म्हणता सहा महिने कुठे जातात ते कळत नाही. दावा आधी दाखल करता येतो, पुढची बिलं आणि दाखले मागाहून जोडता येतात.

आमच्या भागाची एक खास अडचण आहे, ती म्हणजे सीमा. अच्छाड ओलांडलं की गुजरात. तलासरीचे कितीतरी रुग्ण सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात नाहीतर वापीला जातात. टेम्पो एका राज्याचा, विम्याची शाखा दुसऱ्या शहरात, दवाखान्याचे कागद गुजरातीत. म्हणून "कुठे खेटे घालायचे?" असं म्हणत बरेचजण दावा सोडून देतात. खेटे घालायला नकोत. दावा अपघात झाला त्या ठिकाणी, किंवा तुम्ही राहता त्या भागाच्या, किंवा समोरचा राहतो त्या भागाच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. अपघात उंबरगावला झाला तरी डहाणूच्या बाईला आपल्या भागात दावा करता येतो. फक्त परराज्यातला दवाखाना सोडतानाच सगळे कागद शिक्क्यासह घेऊन निघा : केसपेपर, शस्त्रक्रियेची नोंद, एक्स-रे, औषधांच्या पावत्या. मागाहून ते मिळवायला दहा फेऱ्या पडतात.

आता जबाबदारी कुणाची? वहिनींच्या दाव्यात तीन जण समोर असतात : टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी. पैसे बहुधा कंपनीच देते, कारण रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. चालकाचं लायसन संपलेलं होतं, असं म्हणून कंपनी हात वर करू पाहते. पण २००४ च्या निकालापासून न्यायालयांचा कल असा, की कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. समजा, नवऱ्याचीही थोडी चूक होती, इशारा न देता तो वळला. त्याचा दोष मागे बसलेल्या बायकोच्या माथी येत नाही. दोन वाहनांच्या मिळून झालेल्या चुकीत जखमीला दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. दुचाकीवर मुलासह तिघं होते, हाही नेहमीचा आक्षेप. तिघं बसले म्हणून दंड होईल, तो वेगळा. पण तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही, हा २०२० चा निकाल आहे. हेल्मेटचंही तसंच समजा. डोक्याला मार असेल तर त्याची गोष्ट निघणारच, म्हणून मागे बसणारीनेही ते घालावं. वहिनींचा मात्र गुडघा मोडला आहे, आणि हेल्मेट काही गुडघ्याला बांधत नाहीत.

पण सगळीकडे कायदा असा उदार नाही. मालाच्या टेम्पोत बसून लग्नाला किंवा यात्रेला गेलेल्या माणसांचा विमा कंपनीवर हक्क पोचत नाही, हे जवळजवळ वीस वर्षांपूर्वीच पक्कं झालं. मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्याचा माणूस तेवढा विम्यात बसतो. काही खटल्यांत न्यायालयाने दया म्हणून कंपनीला आधी द्यायला लावलं, पण तो भरवसा धरून टेम्पोत चढू नये. टेम्पोमालकाकडून वसूल करायचं तर त्याच्याकडे तरी काय असतं?

आणि चूक निव्वळ आपल्याच दुचाकीची असली, म्हणजे खडीवरून घसरली, तर? तेव्हा घरची पॉलिसी बघायची. नुसती तिऱ्हाइताची स्वस्त पॉलिसी असेल तर मागे बसलेल्या बायकोला त्यातून काही मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तर मिळू शकतं. वर्षाला काही रुपये वाचवायला घरोघरी स्वस्तातली घेतली जाते, आणि मागच्या बाकावर बसणारी आपण, आपल्याला विचारतं कोण! शिवाय पॉलिसीत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तो मालक स्वतः चालवत असेल तरच. दुचाकी बायकोच्या नावावर आणि चालवतो नवरा, अशी आपल्याकडे पुष्कळ घरं आहेत. तिथे त्या विम्यात तो बसत नाही.

दुचाकी तुमच्या नावावर असेल तर आणखी एक ऐका. नोंदणीपुस्तकात ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकली, पैसे घेतले, पण नाव बदललं नाही आणि घेणाऱ्याने कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या दारी येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. विमा संपलेला असेल तर भरपाई तुमच्या खिशातून, दागिन्यांतून. सोळा वर्षांच्या चिरंजीवांना "जा रे, कोथिंबीर घेऊन ये" म्हणून किल्ली देतो, त्याचं तर विचारूच नका. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, अशी तरतूद २०१९ पासून आहे. कोथिंबीर फार महाग पडते.

आता वहिनींच्या गुडघ्याकडे वळू. न्यायाधिकरण विचारतं, जखमी बाईचं उत्पन्न काय? आणि वहिनी, किंवा त्यांच्या वतीने नवरा, पटकन सांगतो, "काही नाही, घरीच असते." बाई गं! पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत जे चालतं ते काय होतं?

न्यायालयांना हे उमगायलाही वेळ लागला. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया होरपळल्या. त्या लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार रुपये धरली. थोडी होती, पण शून्य नव्हती. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचे आकडेच मांडले : बाई घरकामाला दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या २००६ च्या एका अपघाताचा निकाल लागला. खालच्या न्यायालयाने गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीच्या मजुरापेक्षाही कमी धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं आणि भरपाई सहा लाखांवर नेली. ज्या गाडीत ती होती तिचा विमाच नव्हता, त्यामुळे ही रक्कम मालकावर आली.

हे निकाल बहुतेक मृत्यूचे. जखमी बाईसाठी २०११ चा एक निकाल जास्त कामाचा. त्यात म्हटलं आहे, की डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी तशीच्या तशी घ्यायची नाही. त्या अपंगत्वाने या माणसाच्या कामावर किती परिणाम झाला ते पाहायचं. तोच गुडघा टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाचा असता तर एक गोष्ट. वहिनींना जमिनीवर बसता येत नाही, पाण्याची कळशी घेऊन जिना चढता येत नाही, पायमशीनचा पायटा मारता येत नाही. हे त्यांनी स्वतः साक्षीत सांगायला हवं. संकोच करून "चाललंय आपलं" म्हणू नये. आपल्याला कण्हायची लाज वाटते आणि समोरचा वकील तेच लिहून घेतो.

हिशेब कसा होतो पाहा. आकडे केवळ समजण्यासाठी. वहिनींचं घरकाम आणि शिवण मिळून महिना दहा हजार धरलं, म्हणजे वर्षाला १,२०,०००. कामावरचा परिणाम ३० टक्के धरला तर ३६,०००. वय ३६ ते ४० मध्ये असेल तर १५ ने गुणायचं. हा गुणकांचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा खटल्यातला, सगळी न्यायाधिकरणं तोच लावतात. झाले ५,४०,०००. दवाखाना, औषधं, प्रवास, सांभाळायला ठेवलेली बाई, सोसलेल्या वेदना, हे त्याशिवाय. "उत्पन्न नाही" म्हटलं असतं तर यातलं किती राहिलं असतं ते तुम्हीच पाहा.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा. दुधाच्या हिशेबाची करतो तशीच. रिक्षाला किती दिले, पोळ्या करायला बाई ठेवली तिला महिना किती दिला आणि तिची सही, बहीण माहेरून येऊन किती दिवस राहिली, शिवायला आलेले किती ब्लाउज परत द्यावे लागले आणि कुणाचे. त्या गिऱ्हाइणींपैकी एक-दोघी साक्षीला आल्या तर शिवणाचं उत्पन्न तोंडी बोलण्यापुरतं राहत नाही. उपचार स्थिरावल्यावर सरकारी रुग्णालयातून कायम अपंगत्वाचा दाखला घ्या, आणि तो देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हेही विचारून ठेवा.

दोष कुणाचा हे सिद्ध न करताही एक ठरावीक रक्कम मिळते, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापतीतच येतं. कंपनीचा माणूस घाईने ही रक्कम पुढे करील. ती तडजोडीत स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून वहिनींसारखीने वरचा हिशेब मांडून मगच सही करावी. धडक देणारं वाहन पळूनच गेलं असेल आणि सापडलं नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत करायचा, कोर्टात नव्हे.

दवाखान्याच्या दारातच "ताई, आम्ही सगळं करतो, मिळेल त्यातले तीस टक्के द्या" म्हणणारे भेटतील. निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांना त्यांच्याच नियमांनी मनाई आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर मुळीच नको. स्त्रीला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करा आणि अर्ज द्या.

अर्जासोबत बँकेच्या पासबुकाची प्रत लागेल. भरपाईची रक्कम दावेदाराच्या खात्यात थेट जमा करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे. वहिनींच्या नावाचं खातं नसेल तर ते आत्ताच उघडावं, एकटीच्या नावाचं.